आडवाटेने सापडलेली गाठ

छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या रस्त्याने गजानन महाराज मंदिराकडे निघाले की औषधांची दुकाने, लॅब आणि दवाखाने यांच्या गर्दीत सोनोग्राफी सेंटरची पाटीही दिसते. अशा सेंटरच्या दाराशी ठळक अक्षरांत सूचना असते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत बाकावर गरोदर लेकी-सुना असतात, त्यांच्यासोबत आलेल्या आया असतात. त्यांच्याच शेजारी, पाण्याची बाटली तोंडाला लावून लघवी दाटून येण्याची वाट बघणारी पुरुषमंडळीही बसलेली असतात. कुणाला रात्रभर कुशीत मुतखड्याच्या कळा आलेल्या, कुणाचे पोट जेवल्यावर जड होते, कुणाला प्रोस्टेटचा त्रास. या शहराच्या नळाला जायकवाडीचे पाणी येते आणि तेही काही दिवसांआड. मे महिन्यात अंग घामाने निथळते, पोटात पाणी कमी जाते. मुतखडा हा इथल्या घराघरांत ओळखीचा पाहुणा आहे.

डॉक्टर पोटावर गार जेल लावतात. यकृत, पित्ताशय, प्लीहा पाहून झाल्यावर प्रोब कुशीकडे वळतो. खडा दिसतो, त्याचे माप घेतले जाते. कधी तरी, फार क्वचित, प्रोब तिथेच थबकतो. खड्यापासून दूर, किडनीच्या वरच्या टोकाला तीनेक सेंटीमीटरची गोल सावली असते. तिचा त्या कळांशी काही संबंध नसतो. ती किती वर्षे तिथे आहे हे कुणालाच माहीत नसते. रिपोर्टात एक ओळ वाढते आणि खाली सीटी स्कॅनचा सल्ला लिहिला जातो.

किडनीचा कॅन्सर आज लवकर सापडतो तो बहुधा असा, दुसरेच काही शोधताना. त्याच्या लवकर निदानाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास जवळजवळ सगळाच या आडवाटेचा आहे. सिफिलिसची औषधे, गायींच्या सडांचा आजार, बॉयलरच्या लोखंडातल्या भेगा, पोटातले बाळ अशा भलत्याच गोष्टींचा माग काढताना एकेक साधन हाती आले आणि त्या साधनांनी ही लपलेली गाठ उजेडात आणली.

लपलेली म्हणायचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. किडन्या पोटाच्या पोकळीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला आणि चरबीच्या जाड गादीत असतात. तिथे गाठ वाढली तर दाबायला फारसे काही नसते, म्हणून दुखत नाही. एक किडनी अर्धी निकामी झाली तरी दुसरी काम उचलते, म्हणून रक्ताच्या साध्या तपासणीत क्रिएटिनिनही वाढत नाही. हाताला गोळा लागेपर्यंत तो मूठभर झालेला असतो.

एकोणिसाव्या शतकातल्या शल्यविशारदांना हा गोळा हाती लागला तरी ओळखता येत नसे. १८६१ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एरास्टस वॉल्कॉट या सर्जनने यकृताची गाठ समजून एका रुग्णाचे पोट उघडले आणि किडनीसकट गाठ बाहेर काढली. रुग्ण पंधरा दिवसांनी दगावला. किडनी काढूनही माणूस जगतो हे सिद्ध व्हायला १८६९ साल उजाडावे लागले. हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून खात्री करून घेतली आणि मग एका बाईची किडनी ठरवून काढली. ती बाई वाचली. तिला कॅन्सर नव्हता, मूत्रवाहिनीला जखम होऊन लघवी झिरपत होती. पण त्या दिवसापासून किडनी काढणे हा एक उपाय झाला. आता गाठ वेळेवर दिसायला हवी होती, आणि ती दिसत नव्हती.

ती कुठून उगवते याबद्दलही घोळच होता. १८८३ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ पॉल ग्राविट्झ यांनी तिचा पिवळसर, चरबीसारखा रंग पाहून अंदाज बांधला की किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचे तुकडे गर्भावस्थेत किडनीत अडकतात आणि पुढे त्यांचीच गाठ होते. हा अंदाज चुकीचा होता. त्यावरून पडलेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव मात्र पुढे कित्येक दशके डॉक्टरांच्या तोंडी राहिले. ही गाठ किडनीतल्याच सूक्ष्म नलिकांच्या पेशींतून होते हे १९६० साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले.

दरम्यान १८९५ च्या नोव्हेंबरात रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. हाडे दिसू लागली, चुन्याचे मुतखडे दिसू लागले. किडनी मात्र आसपासच्या मऊ मांसात विरघळल्यासारखी धूसरच राहिली. मूत्राशयातून वर नळी घालून औषध भरायचे आणि फोटो काढायचा ही युक्ती १९०६ साली निघाली, पण ती वेदनादायक होती आणि जंतुसंसर्गाची भीती असे.

पुढचे पाऊल अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पडले, तेही सिफिलिसच्या वॉर्डात. त्या काळी सिफिलिसच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत. असे औषध दिलेल्यांच्या एक्स-रेमध्ये मूत्राशय पांढरे उमटते हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि १९२३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयोडीन किडनीतून गाळले जाते आणि क्ष-किरणांना अडवते. तत्त्व सापडले, पण सोडियम आयोडाइड विषारी होते आणि चित्र पुसट येत होते. चांगले औषध मिळाले ते गोठ्यातून. बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात आर्थर बिन्झ आणि कुर्ट रेथ हे रसायनशास्त्रज्ञ गायींच्या सडांच्या संसर्गावर आयोडीनयुक्त औषधे तयार करत होते. अमेरिकेहून शिकायला आलेला मोझेस स्विक हा तरुण डॉक्टर जर्मनीतल्या रुग्णालयात ती औषधे माणसांवरच्या उपचारात पाहत होता. त्याच्या मनात आले की यातले आयोडीन किडनीच तर बाहेर टाकते! १९२९ साली त्यातून शिरेत टोचण्याचे ‘युरोसेलेक्टान’ आले आणि किडनीचा आतला आराखडा पहिल्यांदा नीट कागदावर उतरला.

शिरेत औषध टोचून किडनीचे फोटो काढायची ही तपासणी म्हणजेच आयव्हीपी. मराठवाड्यातल्या पन्नाशी-साठीच्या कितीतरी लोकांना ती आठवत असेल. आदल्या रात्री जुलाबाचे औषध, सकाळी उपाशीपोटी रांग, मग शिरेत इंजेक्शन आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो. १९५६ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. लोकांनी या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हटले आणि आजही बीड-जालन्याकडचा माणूस गंभीर दुखण्यात ‘घाटीत दाखवा’ असेच म्हणतो. तिकडे मुंबईत डॉ. जी. एम. फडके यांच्या पिढीने मूत्रविकारांची शस्त्रक्रिया ही सर्वसाधारण सर्जरीपासून वेगळी विद्याशाखा म्हणून उभी केली. त्या सगळ्या काळात किडनीतल्या गाठीची शंका आली की मुख्य आधार आयव्हीपीचाच असे.

आयव्हीपीची एक मर्यादा होती. तिच्यात गाठ दिसत नसे, गाठीने आतल्या नलिका बाजूला ढकललेल्या दिसत. किडनीच्या बाहेरच्या अंगाला असलेली दोन-तीन सेंटीमीटरची गाठ काहीच ढकलत नाही, त्यामुळे फोटो ‘नॉर्मल’ येई. शिवाय त्रास सुरू झाल्याशिवाय आयव्हीपी करायला कुणी येत नसे. म्हणून त्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत किडनीच्या कॅन्सरची तीन लक्षणे एकत्र शिकवत: लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारा गोळा. ही तिन्ही एकत्र दिसत तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असे. याहूनही फसवे रुग्ण असत. कुणाला महिनोन्‌महिने बारीक ताप, कुणाचे वजन उतरलेले, कुणाचे रक्त कमी झालेले तर कुणाचे उलट वाढलेले, कुणाच्या रक्तात कॅल्शियम चढलेले. असे रुग्ण सर्जनकडे न जाता फिजिशियनकडे फिरत राहत. म्हणून वैद्यकात या रोगाला ‘फिजिशियनचा ट्यूमर’ असे नाव पडले होते. १९६३ साली टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी किडनी, तिच्याभोवतीची चरबी, अधिवृक्क ग्रंथी आणि लसिकाग्रंथी असे सगळे एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि ती प्रमाण ठरली. इतकी मोठी शस्त्रक्रिया लागे, कारण गाठी इतक्या मोठ्या होऊन येत.

ही कोंडी फोडणारी दोन यंत्रे त्याच सुमारास आकार घेत होती, आणि दोन्हींच्या जनकांच्या डोक्यात किडनी नव्हती.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी युद्धकाळात रडार आणि सोनारची तत्त्वे पाहिलेली होती. १९५५ च्या उन्हाळ्यात ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून शेजारच्या बॉयलर कारखान्यात गेले. तिथे लोखंडातल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधायचे यंत्र होते. घन गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्यांना तिथे दिसले. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांना सोबत घेऊन त्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटाच्या सोनोग्राफीचा लेख छापला. घन आणि द्रव यांतला हा फरक किडनीच्या बाबतीत लाखमोलाचा ठरला. चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळांच्या किडनीत पाण्याच्या साध्या पुटकुळ्या असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. सोनोग्राफीने त्या सुईविना, किरणांविना वेगळ्या काढता येऊ लागल्या. उरलेल्या घन सावलीकडे संशयाने बघता येऊ लागले.

दुसरे यंत्र लंडनजवळच्या ईएमआय या गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीतले. तिथल्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या स्कॅनरवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. काही वर्षांत सीटी स्कॅन डोक्यावरून पोटावर आला आणि १९७९ साली हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले. सीटी प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात मोजतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी शून्याखाली. गाठीत चरबी दिसली तर ती बहुतेक साधी गाठ असते. शिरेत औषध सोडल्यावर गाठीची घनता उडी मारून वाढली तर तिच्यात रक्ताचा पुरवठा आहे आणि काळजीचे कारण आहे. स्विकने जे आयोडीन नलिका दाखवायला वापरले, तेच आता खुद्द गाठीला रंगवू लागले.

या दोन यंत्रांनी आकडे उलटेपालटे केले. १९७० च्या आसपास पाश्चात्त्य देशांत किडनीच्या कॅन्सरच्या दहा रुग्णांत जेमतेम एकाचा रोग योगायोगाने सापडलेला असे. शतक संपेपर्यंत तिथल्या निम्म्याहून अधिक गाठी अशा योगायोगाने सापडू लागल्या होत्या. तीन लक्षणांचा तो जुना संच आता दहातल्या एकाही रुग्णात पूर्ण दिसत नाही. फिजिशियनचा म्हणून ओळखला जाणारा ट्यूमर रेडिओलॉजिस्टचा झाला.

महाराष्ट्रात सोनोग्राफीची कथा वेगळ्याच वळणाने गेली, आणि ते वळण टाळून हा इतिहास सांगता येत नाही. १९८० च्या दशकात हे यंत्र मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या ठिकाणी पोहोचत गेले. त्याचा वेग वाढण्यात किडनी किंवा पित्ताशयाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा पोटातला गर्भ पाहण्याचा होता. त्यातून मुलींचे गर्भ पाडण्याचे पाप घडत गेले. महिला संघटनांच्या लढ्यानंतर १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला आणि २००३ साली तो कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरलेल्या दिसल्या. आज प्रत्येक मशीनची नोंदणी असते आणि ते कुठेही उचलून नेता येत नाही. पुंडलिकनगरातल्या दारावरची ती सूचना याच इतिहासातून आली. ज्या यंत्राने मराठवाड्यातल्या इतक्या मुलींचा जन्म नाकारला, तेच कुणाच्या आईच्या किंवा वडिलांच्या किडनीतली गाठ वेळेत दाखवून गेले, ही गोष्ट लिहितानाही जड जाते.

गाठ लवकर सापडण्याने काय बदलले? पहिला बदल सरळ आहे. गाठ किडनीतच असताना सापडली तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार शंभरातले नव्वदाहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग फुप्फुसांत किंवा हाडांत पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण विशीच्या आत येते. दुसरा बदल शस्त्रक्रियेत झाला. चार सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल तर सगळी किडनी काढायची गरज राहिली नाही, गाठ आणि तिच्याभोवतीची कड काढून बाकीची किडनी वाचवता येऊ लागली. १९९० साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून किडनी काढली आणि बरगड्यांखालच्या त्या वीतभर छेदाची सक्ती संपली. मधुमेह आणि रक्तदाब ज्या समाजात इतके पसरले आहेत, तिथे वाचलेल्या अर्ध्या किडनीची किंमत डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारावी.

तिसरा परिणाम मात्र कुणी अपेक्षिला नव्हता. २००६ साली मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलिंग्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेची वीस वर्षांची आकडेवारी मांडली. लहान गाठी सापडण्याचे प्रमाण वाढत गेले होते, शस्त्रक्रियाही त्याच गतीने वाढल्या होत्या. मृत्यूंचे प्रमाण मात्र खाली यायला हवे होते तसे आलेच नव्हते. लवकर पकडलेले रुग्ण वाचत असतील, तर मृत्यू घटायला नकोत का? याचे एक उत्तर मेयो क्लिनिकने आधीच, २००३ साली दिले होते. तिथल्या सुमारे पावणेतीन हजार रुग्णांच्या काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा चार सेंटीमीटरच्या आतल्या गाठींतल्या जवळपास एक पंचमांश कॅन्सरच्या नव्हत्याच. एक सेंटीमीटरहून लहान गाठींत तर हे प्रमाण निम्म्याजवळ होते. म्हणजे यंत्राची नजर जितकी तीक्ष्ण झाली, तितक्या निरुपद्रवी गाठीही पकडल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्यासाठीही किडन्या कापल्या जाऊ लागल्या. जे रुग्ण मरत होते त्यांच्या गाठी मुळातच आक्रमक होत्या.

त्यानंतरच्या दोन दशकांत डॉक्टरांचा हात थोडा सावरला. वय झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या रुग्णाच्या लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवणे हा आता मान्य पर्याय आहे. अशा गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात आणि लहान असेपर्यंत क्वचितच पसरतात.

मग मुद्दाम शोधायला का जाऊ नये? जपानने ते करून पाहिले. १९८३ ते १९९६ या काळात तिथे २ लाख १९ हजारांहून अधिक लोकांच्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि १९२ जणांत किडनीचा कॅन्सर सापडला. साडेअकराशे माणसांमागे एक. अगदी अलीकडे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी करत असलेल्या लोकांच्या फुप्फुसांचे स्कॅन ट्रकमध्ये बसवलेल्या यंत्रावर होत असतानाच त्यांच्या पोटाचाही स्कॅन जोडून पाहिला गेला. सुमारे चार हजार जणांत दहा जणांना किडनीचा कॅन्सर निघाला. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही या रोगाची ठळक कारणे, त्यामुळे निवडक लोकांत तो जास्त सापडणार हे उघड आहे. तरीही सरसकट सगळ्यांची तपासणी करा असे आज कुठलाही देश सांगत नाही. व्हॉन हिपेल-लिंडाऊसारखा आनुवंशिक आजार असलेल्या घराण्यांत मात्र वेळापत्रक लावून तपासण्या होतात. या आजाराचे जनुक १९९३ साली सापडले. त्याच्या अभ्यासातून पेशी प्राणवायूची कमतरता कशी ओळखतात हे उलगडले आणि २०१९ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मोठा वाटा होता.

मराठवाड्याकडे वळले की चित्र उलटे दिसते. तिकडे प्रश्न फार सापडण्याचा आहे, इकडे अजून न सापडण्याचा. २०१४ साली लखनऊच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्याचा निष्कर्ष असा की भारतात हा रोग पश्चिमेपेक्षा कमी वयात होतो आणि रुग्ण उशिराच्या टप्प्यात येतात.

नोंदींचा इतिहास आपल्याकडे लहान नाही. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. पुणे, नागपूर आणि औरंगाबाद या शहरांतल्या नोंदण्या पुढे तिच्याच शाखा म्हणून उभ्या राहिल्या. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, लॅब आणि मृत्यूची दप्तरे पालथी घालून एकेक नाव उतरवून घेतात. आयसीएमआरच्या २०२० च्या अहवालात २०१२ ते २०१६ चे आकडे आहेत. मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांतले सर्व कॅन्सरचे वयानुरूप प्रमाण लाखामागे २६९.४. देशात सर्वांत कमी आकडा उस्मानाबाद आणि बीड या आपल्या दोन जिल्ह्यांचा, ३९.५. मराठवाड्याच्या माणसाने यावर समाधान मानावे का? तंबाखू आणि खाण्यापिण्याच्या फरकाने यातला काही भाग समजतो. सातपटीचा सगळा फरक त्याने भरून निघत नाही. जिथे स्कॅन झाला नाही, बायोप्सी झाली नाही, तिथे नोंदही होत नाही. किडनीचा कॅन्सर तर अंगावर काही दाखवतच नाही. फडावर ऊसतोड करताना वजन उतरत गेलेला माणूस ‘थकला’ म्हणून जातो.

याच पट्ट्यात एक वेगळा, उजळ अनुभवही आहे. १९८७ साली बार्शीत, आणि शेजारच्या परांडा-भूम तालुक्यांत, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात लॅब नाही, रुग्णालय नाही, मग नोंद कुठून मिळणार? म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, पाराखाली बसले, कोणती लक्षणे दिसली तर दवाखाना गाठायचा हे बायाबापड्यांना सांगत राहिले. काही वर्षांत एक बदल मोजता आला: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्यासाठी कुठले नवे यंत्र लागले नव्हते.

किडनीच्या बाबतीत असे सांगण्याजोगे एक लक्षण आहे, आणि मराठवाड्यात नेमके तेच हरवते. उन्हाळ्यात लघवी लालसर, जळजळीत होते तेव्हा इथे म्हणतात, ‘उन्हाळी लागली’. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, पानफुटीची पाने, कुळथाचा काढा, असे उपाय आजीच्या बटव्यातून निघतात. बहुतेक वेळा ते दुखणे खरोखर उन्हाचे किंवा खड्याचेच असते. गाठीतून येणारे रक्त मात्र दुखत नाही. एकदा येते, दोन दिवसांत आपोआप थांबते आणि मग महिनोन्‌महिने येत नाही. थांबले म्हणजे काढ्याने गुण आला असे वाटते. बायकांच्या बाबतीत तर ते पाळीचे समजून मोडीत निघते. पाळी गेलेल्या बाईलाही ‘अंगावरून गेले’ हे घरात सांगायचा संकोच वाटतो आणि लघवीतून आले की कुठून हे कुणी विचारतही नाही. न दुखता लघवीतून एकदाही रक्त गेले तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यायची, एवढे एक वाक्य आशाताईंच्या भेटीत जायला हवे. सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी तपासण्या करतो. किडनी त्यात नाही, आणि सरसकट तपासणीसाठी ती असण्याचे कारणही नाही. पण लक्षण सांगायला वेगळी योजना लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरात २०१२ साली शासकीय कॅन्सर रुग्णालय सुरू झाल्यापासून मुंबईला परळच्या कॅन्सर रुग्णालयापर्यंत जाण्याची सक्ती बरीच कमी झाली. त्याच वर्षी राज्यात जीवनदायी योजना आली, आज ती महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचा मोठा भार उचलते. रोग सापडल्यानंतरची वाट अशी थोडी रुंद झाली. सापडण्याआधीची सोनोग्राफी बहुतेक घरांत अजून खिशातूनच होते, आणि रोजंदारी बुडवून होते.

पुंडलिकनगरातल्या त्या बाकावरून उठलेल्या माणसाच्या हातात शेवटी एक पाकीट येते. सीटीत गाठ घन निघाली, औषधाने रंगली, तर युरॉलॉजिस्ट समोर बसवून सांगतात: वय कमी असेल तर गाठ काढू, किडनी ठेवू, वय जास्त, गाठ लहान असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा बघू. माणूस घरी येतो आणि पाकीट कपाटात रेशनकार्डाखाली ठेवतो. लेक त्यावर पेनाने तारीख घालते. पुढच्या खेपेला डॉक्टर जुना रिपोर्ट आधी मागतात, कारण गाठ वाढली की नाही हे त्यावरच्या मिलिमीटरच्या आकड्याशी ताडूनच कळते.